देवीच्या मागे राहिलेला भाऊबंद

पन्नाशी उलटलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा हात नीट पाहा. नाण्याएवढा, किंचित खोलगट, कडेला सुरकुत्या असलेला एक व्रण दिसेल. काहींच्या हातावर असे दोन किंवा तीनही असतात. लहानपणी ‘देवी काढल्या’ची ती खूण. (दंडावरचा लहानसा व्रण बहुधा बी.सी.जी.चा, म्हणजे क्षयाच्या लशीचा असतो आणि तो तुमच्याही दंडावर सापडेल. दोहोंची गल्लत करू नये.) देवीच्या लशीचा व्रण मात्र आजच्या कोणाही विद्यार्थ्याच्या हातावर नाही, आणि तो नाही याचा आपल्याला अभिमानच वाटतो. १९७४ साली भारतात सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना देवी आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, आसामातील करीमगंज येथे देशातील शेवटचा रुग्ण सापडला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. त्याच वर्षी सोमालियात जगातील शेवटची नैसर्गिक लागण झाली आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या अंताची घोषणा केली. रोगच उरला नाही, तेव्हा देवी काढणेही थांबले.

येथवरची हकीगत पाठ्यपुस्तकात असते. या लेखात पाहायचे आहे ते त्यापुढचे. तो व्रण केवळ देवीपासूनच रक्षण करीत नव्हता. देवीच्या काही भाऊबंदांनाही तो दाराबाहेर ठेवीत होता. व्रण नाहीसे होऊ लागले तसा त्यांतील एक भाऊबंद पुढे सरकला. त्याचे जुने नाव मंकीपॉक्स. २०२२ च्या नोव्हेंबरपासून जागतिक आरोग्य संघटना त्याला एमपॉक्स म्हणते.

प्रथम या कुळाची ओळख करून घेऊ. देवीचा विषाणू, एमपॉक्सचा विषाणू, गाईंच्या देवीचा आणि उंटांच्या देवीचा विषाणू हे सगळे एकाच कुळातले. विषाणूंच्या जगात हे आडदांडच म्हणावे लागतील. पोलिओच्या विषाणूचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, तर यांचा आकार विटेसारखा आणि लांबी ३०० नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान वस्तू स्पष्ट दाखवता येत नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबीच आडवी येते. म्हणजे हे विषाणू त्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर आहेत. म्हणूनच १८८६ साली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, एडिंबरो येथील जॉन बुइस्ट यांना लशीच्या द्रवात ते ठिपक्यांसारखे दिसले होते. फक्त आपण काय पाहत आहोत हे त्यांना कळण्याजोगे नव्हते. यांची जनुकीय लिपीही लांबलचक असते. पोलिओच्या विषाणूत सुमारे साडेसात हजार अक्षरे, तर एमपॉक्सच्या विषाणूत सुमारे १ लाख ९७ हजार अक्षरजोड्या!

कांजिण्या मात्र या कुळातल्या नव्हेत. इंग्रजी नावात ‘पॉक्स’ हा शब्द असला, तरी कांजिण्यांचा विषाणू हर्पिस नावाच्या निराळ्याच घराण्यातला आहे. त्यामुळे देवीच्या लशीने कांजिण्या टळत नाहीत आणि कांजिण्या येऊन गेल्या म्हणून एमपॉक्सपासून संरक्षण मिळत नाही.

उलट, खऱ्या भाऊबंदांत एकाविरुद्ध मिळवलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्याही उपयोगी पडते. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गौळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन लस टोचली, ती याच गोष्टीच्या जोरावर. ती लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत पोचली आणि अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातील ते पहिले लसीकरण. आपल्या गोठ्यांतही हे कुळ अधूनमधून डोके वर काढते. २००९ च्या सुरुवातीला सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींच्या कासेवर फोड आले आणि धारा काढणाऱ्या माणसांच्या हातांवरही उठले. हा म्हशींच्या देवीचा विषाणू म्हणजे देवीच्या लशीतल्या विषाणूचाच एक प्रकार आहे.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. १९५८ मध्ये कोपनहेगन येथील प्रयोगशाळेत, सिंगापूरहून आणलेल्या माकडांच्या अंगावर फोड उठले. विषाणू नवा होता, माकडांत सापडला म्हणून त्याला मंकीपॉक्स म्हणू लागले. हे नाव माकडांवर अन्याय करणारे आहे. माकडे या रोगाची मूळ घरे नव्हेत. आपल्यासारखीच तीही त्याला बळी पडतात. २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये लोकांनी या नावामुळे माकडांवर हल्ले केले, यावरून नावाचा परिणाम केवढा असतो ते लक्षात यावे.

माणसातला पहिला रुग्ण सापडला १९७० साली, पुढे झाईर म्हणवल्या गेलेल्या देशात, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात. नऊ महिन्यांचे बाळ होते. देवी त्या भागातून हद्दपार झाल्या होत्या, आणि अचानक देवीसारखे फोड! तपास केला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. विषाणू देवीचा नव्हता, आणि घरातल्या सर्वांना देवीची लस टोचलेली होती. एकट्या या बाळाला नव्हती. बाळ त्यातून बरे झाले. पण काही आठवड्यांनी गोवराने दगावले.

या एका घरात पुढची सगळी कथा सामावली आहे. लस न घेतलेले एक बाळ होते तेव्हा रुग्ण एक. लस न घेतलेलेच सगळे झाले, तर?

हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. देवीची लस थांबवण्याआधी तज्ज्ञांनी या भाऊबंदाचा विचार केला आणि १९८१ ते १९८६ अशी सहा वर्षे झाईरच्या जंगलातील गावांवर पाळत ठेवली. एकूण ३३८ रुग्ण सापडले, त्यांतील ३३ दगावले. दगावलेली सर्व लस न टोचलेली लहान मुले होती. या ३३८ पैकी २४५ जणांना लागण प्राण्यांकडून झाली होती आणि ९३ जणांना दुसऱ्या माणसाकडून.

आता थोडे गणित. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला हे आकडे पाहिले की अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया आठवल्याशिवाय राहत नाही. युरेनियमचे एक केंद्रक फुटते, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते आणखी केंद्रके फोडतात. एका विभाजनामागे सरासरी एकापेक्षा कमी नवी विभाजने झाली तर प्रक्रिया आपोआप विझते. एकापेक्षा जास्त झाली तर भडकते. रोगाचेही तसेच. एका रुग्णापासून सरासरी जितक्यांना लागण होते, त्या संख्येला आपण प्रसारगुणक म्हणू. वरच्या आकड्यांत ३३८ रुग्णांनी मिळून ९३ जणांना रोग दिला. ९३ भागिले ३३८ म्हणजे सुमारे ०.२८. चार रुग्णांमागे जेमतेम एक नवा रुग्ण.

प्रसारगुणक ०.२८ असेल, तर जंगलातून आलेल्या एका लागणीपासून एकूण किती रुग्ण होतील? १ + ०.२८ + ०.२८ चा वर्ग + ०.२८ चा घन… ही भूमितीय श्रेढी आहे आणि तिची अनंत बेरीज १ भागिले (१ – ०.२८), म्हणजे सुमारे १.४. ठिणगी पडते आणि विझते. गुणक ०.८ झाला तर बेरीज ५ होते, ०.९ झाला तर १०. अजूनही प्रत्येक साथ आपोआप संपते. पण गुणक १.२ झाला की श्रेढी आटोक्यात राहत नाही. एकाचे वीस पिढ्यांनी ३८ होतात, आणि येथे ‘पिढी’ म्हणजे एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे रोग जाण्याचा काळ, साधारण दहा-बारा दिवसांचा. ०.८ आणि १.२ यांत फरक केवळ ०.४ चा, पण एकाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन निराळी जगे आहेत.

मग लस थांबल्यावर हा गुणक किती होणार होता? १९८८ मध्ये तज्ज्ञांनी अंदाज काढला की कोणालाही लस नसलेल्या समाजातही तो एकाच्या खालीच, ०.८ च्या आसपास राहील. काळजीचे कारण नाही, असा त्याचा अर्थ घेतला गेला. २०२० मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी जुन्याच माहितीवरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा उत्तर सुमारे २.१ आले. गुरुत्वत्वरण मोजण्यासारखे हे काम नाही. माणसे कशी राहतात, किती जवळ येतात यावर हा आकडा बदलतो.

मूळ गुणक २.१ धरू. देवीच्या लशीने एमपॉक्सपासून सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळते, हे झाईरमध्येच दिसून आले होते. समाजातील ९० टक्के लोकांना लस टोचलेली असेल, तर गुणक २.१ × (१ – ०.८५ × ०.९०), म्हणजे सुमारे ०.५. लसवंतांचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले की तोच गुणक १.२. सीमारेषा कोठे लागते ते तुम्हीच काढून पाहा; उत्तर ६२ टक्क्यांच्या जवळपास येईल. विषाणूत काडीचा बदल न होता, केवळ म्हातारी माणसे गेली आणि नवी मुले जन्मली, एवढ्याने साखळी प्रक्रिया विझणारीची भडकणारी होऊ शकते.

प्रत्यक्षात काय घडले? १९८६ मध्ये पाळत थांबली. २००५ ते २००७ या काळात संशोधक काँगोच्या मध्य भागात पुन्हा मोजणीला गेले, तेव्हा रोगाचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या वीसपट झालेले आढळले: दहा हजारांत एकाहूनही कमी होते ते चौदाहून अधिक. रुग्णांपैकी ९२ टक्के लोक १९८० नंतर, म्हणजे देवीची लस थांबल्यानंतर जन्मलेले होते.

माझे मत विचाराल तर लस थांबवण्याचा निर्णय बरोबरच होता. त्या लशीत जिवंत विषाणू असे. दर दहा लाख प्रथम लसीकरणांमागे साधारण एक जीव जात असे, आणि पुढे एड्स पसरल्यावर प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला ती फार धोक्याची ठरली असती. चुकले ते पाळत थांबवण्यात. भट्टी बंद केली म्हणून कोणी तापमापक काढून नेत नाही.

२०१७ मध्ये नायजेरियात हा रोग जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा दिसला. तो माणसामाणसांत, निकटच्या शारीरिक संबंधांतूनही पसरत असावा, अशी शंका तेथील डॉक्टरांनी बोलून दाखवली. जगाने फारसे लक्ष दिले नाही. त्यांची शंका खरी होती हे पुढे विषाणूच्या लिपीनेच सांगितले. या विषाणूच्या लिपीत वर्षाला एखाद-दुसरे अक्षर बदलावे अशी अपेक्षा असते. २०१८ चा आणि २०२२ चा विषाणू शेजारी ठेवून वाचला, तर सुमारे ५० अक्षरे बदललेली! शिवाय बदलांची धाटणी अशी, की मानवी पेशीतले एक विकर विषाणूवर हल्ला करताना जशा खुणा सोडते, तशाच या खुणा. म्हणजे विषाणू निदान २०१६ पासून माणसांतच फिरत होता.

मे २०२२ मध्ये तो ब्रिटनमध्ये आणि पाठोपाठ शंभराहून अधिक देशांत पोचला. वर्षभरात ८७ हजारांवर रुग्ण झाले. या साथीत तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून, आणि बहुतांशी पुरुषांमध्ये पसरला. भारतातील पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळात, परदेशातून आलेल्या प्रवाशात सापडला. निदान पक्के केले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. या पश्चिम आफ्रिकी शाखेचा रोग सौम्य. हजारी दोघांपेक्षा कमी माणसे दगावली. काँगोची शाखा अधिक कडक. तिचा एक नवा उपप्रकार सप्टेंबर २०२३ मध्ये काँगोच्या पूर्वेकडील कामितुगा या खाणकामगारांच्या गावी सुरू झाला. १४ ऑगस्ट २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर केली. ती ५ सप्टेंबर २०२५ रोजी उठवली गेली. आणीबाणी उठली याचा अर्थ रोग संपला असा नव्हे. काँगोतील २०२४ च्या रुग्णांत निम्म्याहून अधिक आणि मृतांत त्याहूनही मोठा वाटा १५ वर्षांखालील मुलांचा होता.

लक्षणे कशी ओळखावी

विषाणू त्वचेवरच्या बारीक चिरेतून, किंवा तोंड, डोळे, गुह्यांग यांच्या नाजूक अस्तरातून आत शिरतो. पहिले काही दिवस, बहुधा आठवडा-दोन आठवडे, काहीच जाणवत नाही. हा अधिशयन काळ जास्तीत जास्त २१ दिवसांचा. मग ताप, डोकेदुखी, पाठ आणि अंग दुखणे, विलक्षण थकवा. त्याबरोबर मानेत, काखेत किंवा जांघेत लसिका ग्रंथी सुजतात. यालाच आपल्याकडे अवधाण येणे म्हणतात. देवीमध्ये हे सहसा होत नसे, कांजिण्यांतही फारसे होत नाही. म्हणून डॉक्टर प्रथम गाठी चाचपून पाहतात.

तापानंतर एक ते तीन दिवसांत पुरळ उठते. आधी लाल ठिपका, मग पुळी, मग पाणी भरलेला फोड, मग तो टणक आणि पिवळट होतो, मध्ये बेंबीसारखी खळगी पडते, आणि शेवटी खपली धरते. एका भागातले फोड बहुधा एकाच अवस्थेत असतात आणि तळहात-तळपायांवरही येतात. कांजिण्यांचे तसे नाही. त्या पोटापाठीवर अधिक, लाटांमागून लाटा याव्यात तशा येतात. एक फोड ताजा, शेजारी दुसऱ्याची खपली. २०२२ च्या साथीत मात्र काही रुग्णांना मोजून दोन-चारच फोड होते आणि तापही नव्हता, तेव्हा पुस्तकी वर्णनावर फार विसंबू नये. शाळेतल्या मुलाला फोड आले तर आपल्याकडे ते जवळजवळ नेहमी कांजिण्यांचेच असतात. शिक्षकांनी घाबरण्याचे कारण नाही. मुलाला घरी पाठवावे, डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे, आणि वर्गात त्याच्या नावाने कुजबुज होऊ देऊ नये. खात्री करायची असेल तर फोडातला द्रव किंवा खपली प्रयोगशाळेत तपासतात.

सगळ्या खपल्या पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, रुग्णापासून लागण होऊ शकते. अंथरूण-पांघरूण, टॉवेल, कपडे यांतूनही रोग जातो. पूर्वी घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाची डहाळी बांधत. पानांनी रोग बरा होत नसे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आत येऊ नका’ हे न बोलता कळे, आणि तेवढा उपयोग खराच होता.

उपचार

देवीसाठी तयार केलेले टेकोव्हिरिमॅट नावाचे औषध एमपॉक्सवर चालेल अशी मोठी आशा होती. काँगोमध्ये सुमारे ६०० रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशाच निरुपद्रवी गोळ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल आला: औषधाने फोड लवकर बरे झाले नाहीत. पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती औषधापेक्षा मोलाची वाटते. दोन्ही गटांत मिळून १.७ टक्के रुग्ण दगावले, तर देशात एरवी ३.६ टक्के किंवा अधिक दगावत होते. चाचणीतल्या सर्वांना रुग्णालयात ठेवले होते, पुरेसे पाणी आणि पोषण दिले होते, ताप-वेदना आटोक्यात ठेवल्या होत्या, फोड स्वच्छ ठेवून त्यांत जिवाणूंचा शिरकाव होऊ दिला नव्हता. एवढ्यानेच मृत्यू निम्म्यावर आले. डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण बुबुळावर फोड आला तर दृष्टी जाऊ शकते. खाजवणे टाळावे, नखे कापावीत. खपल्या उपटू नयेत.

मग पुन्हा सर्वांना देवी काढाव्यात काय? त्याची गरज नाही. आता अधिक सुरक्षित लशी आहेत. एक आहे कोंबडीच्या भ्रूणपेशींत ५७० हून अधिक वेळा वाढवून इतकी दुबळी केलेली, की तिच्यातला विषाणू माणसाच्या पेशीत वाढूच शकत नाही. दुसरी जपानची; ती लहान मुलांनाही देता येते. या लशी सरसकट न देता रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना आणि आरोग्यसेवकांना देतात. संपर्कानंतर चार दिवसांत टोचली तर रोग टळू शकतो. १९७४-७५ मध्ये भारतात देवीला अखेरचे कोंडले ते याच रीतीने, रुग्ण शोधून त्याच्याभोवती लसीकरणाचे कडे करून. काँगोतील लसीकरण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी गोमा शहरात सुरू झाले.

देवीप्रमाणे हा रोग पृथ्वीवरून पुसून टाकता येईल का, याचे उत्तर मात्र आज तरी नाही असेच आहे. देवीचा विषाणू फक्त माणसात राही, त्यामुळे माणसांची साखळी तोडली की तो संपला. एमपॉक्सचा विषाणू आफ्रिकेच्या वर्षावनातील लहान प्राण्यांत राहतो. १९८५ साली झाईरमधील एका आजारी जंगली खारीत तो सापडला. २००३ मध्ये घानाहून अमेरिकेत पाळण्यासाठी आणलेल्या उंदीर-खारींबरोबर तो टेक्सासला उतरला, दुकानातल्या प्रेअरी डॉग या प्राण्यांना लागला आणि त्यांच्याकडून ४७ माणसांना. त्याचे नेमके कायमचे घर कोणता प्राणी, यावर जीवशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. खारींवर संशय सर्वांत दाट आहे. काँगोच्या गावांत जाळे लावून खारी-उंदीर पकडणे आणि भाजून खाणे हे रोजचे आहे, आणि ते काम बहुतेक ठिकाणी लहान मुलेच करतात.